तीन रात्रींचा गहू

गळीत संपून कारखान्याचा पट्टा पडला, रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जायच्या थांबल्या आणि तोडणीवाले आपल्या पाचटाच्या कोप्या मोडून गावाकडं परतले, की आमच्या वस्तीवरच्या बायका गच्च्या धुवायला काढतात. चार महिने उसाच्या फुफाट्यानं माखलेली गच्ची धुताना जे पाणी खाली येतं ते चहाच्या रंगाचं असतं. ते पन्हाळीतून पडायला लागलं की समजायचं, हिवाळा गेला. कडुलिंबाला मोहर आलेला असतो, कालव्याला उन्हाळी पाणी कधी सुटणार यावर पारावर रोज नवी बातमी असते, आणि घराघरांत कोपऱ्यातली मोठी पातेली घासून उन्हात पालथी पडतात. आता कुरडया.

वस्ती म्हणजे पणदऱ्याहून कोऱ्हाळ्याकडं जाताना कालव्याच्या अंगाला असलेली सात घरं. त्यात स्लॅबची दोन, बाकी पत्र्याची. या सात घरांत कॉलेज शिकून पदवी घेतलेली पहिली मी. हे सांगायला मला लाज वाटत नाही. तीन वर्षं सकाळच्या एसटीनं पास काढून बारामतीला गेले, उभ्यानं गेले, आणि बी.कॉम. झाले. आमच्या घरात त्याआधी सगळ्यात जास्त शिकलेलं माणूस म्हणजे नववी नापास चुलते. आता मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामाला आहे. कुणी कोणत्या शिफ्टला यायचं, कुणाची सुट्टी कधी, हे सगळं मी लावते. चाळीस माणसांचं वेळापत्रक मी अर्ध्या तासात लावते आणि त्यात कुणाची तक्रार येत नाही. हेही सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते याच्यामुळंच झालं.

ज्यांनी कधी कुरडई केली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गहू तीन रात्री पाण्यात भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. दाणा दाबला की आतून पांढरं दूध आलं पाहिजे. मग तो वाटायचा, गाळायचा, चोथा म्हशीला घालायचा आणि राहिलेलं दूध रात्रभर निवळायला ठेवायचं. सकाळपर्यंत तळाशी घट्ट पांढरा चीक बसतो. पहाटे आधण ठेवून त्यात तो चीक शिजवायचा, आणि गरम असतानाच सोऱ्यात भरून गच्चीवर त्याच्या गोल जाळ्या पाडायच्या. हे काम एका बाईचं नव्हेच. एक आधण बघते, एक चीक ओतते, एक हाटते, दोघी सोऱ्या दाबतात. म्हणून आमच्यात पाळी असते. आज एकीच्या दारात सगळ्या, उद्या दुसरीच्या.

पण ही पाळी तारखेनं नसायची. पलीकडच्या घरात एक आत्ती आहे. साठी कधीच ओलांडली, पण रोज सकाळी दात घासत घासत ती सातही दारांत जाते. ज्या ज्या घरात गहू भिजलेला असेल तिथल्या पातेल्यात हात घालते, एक दाणा काढते, नखानं दाबते आणि सांगते, "हिचा उद्या. तुझा परवा." झाली पाळी ठरली. लहानपणापासून मी हेच बघत आले होते.

त्या वर्षी वस्तीतल्या दोन सुना नव्यानं कामाला लागल्या होत्या, कापडाच्या कंपनीत. "उद्या ये" म्हटलं की त्यांना येता येईना, सुट्टी आधी टाकावी लागे. मला पण तेच. मग मी एका रविवारी बसले आणि वेळापत्रक तयार केलं. कोणत्या घरानं कोणत्या वारी गहू भिजवायचा, कोणत्या वारी वाटायचा, कुरडया कोणत्या वारी. तीन रात्री सगळ्यांना सारख्या. बायकांच्या ग्रुपवर टाकलं आणि एक प्रिंट काढून आमच्या दाराला चिकटवली.

सगळ्यांना आवडलं. दोन्ही सुना तर खूश झाल्या. आत्तीनं आमच्या दारासमोर उभं राहून प्रिंट बराच वेळ बघितली. तिला वाचता येत नाही, पण चौकोन मोजता येतात.

"हे काय म्हंतंय?" तिनं विचारलं.

"म्हंजे आता तुमाला रोज सकाळी फिरायला नको आत्ती," मी म्हणाले.

"मी गव्हासाठी फिरती व्हय? मी चहासाठी फिरती," ती म्हणाली आणि आईनं दिलेला कप घेऊन ओट्यावर बसली.

वेळापत्रकात शेवटची पाळी मी शेजारच्या काकूंची ठेवली होती. मुद्दाम. काकूंच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं, इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याला. लग्नाच्या आठ दिवस आधीचा गुरुवार मी त्यांना दिला, कारण गुरुवारी दोन्ही सुनांची सुट्टी, सगळे हात मोकळे. रुखवतात मांडायच्या कुरडया होत्या त्या. रुखवतातली कुरडई पांढरीशुभ्र लागते. जरा तांबूस असली की वराकडच्या बायका तोंडानं काही बोलत नाहीत, पण एकमेकींकडं बघतात, आणि ते बघणं नवरीच्या आईला वर्षभर पुरतं.

काकूंचं तर त्याहून जास्त होतं. थोरलीचं लग्न लॉकडाऊनमध्ये झालं होतं. दारातच, मोजकी माणसं, तोंडाला मास्क. रुखवत नाही, काही नाही. थोरली सासरी गेली ती एक बॅग घेऊन. त्यामुळं धाकटीचं रुखवत काकूंनी वर्षभर मनात मांडून ठेवलं होतं. लोकरीचं तोरण, शेवयांच्या जुड्या, साखरेची फुलं, आणि मधोमध कुरडयांची टोपली. त्यासाठी त्यांनी घरच्या गव्हातलं एक पोतं विकलं नव्हतं.

आमचा गहू शनिवारी भिजला, काकूंचा रविवारी. बुधवारी आमच्या कुरडया, गुरुवारी त्यांच्या. सगळं वेळापत्रकाप्रमाणं.

आणि रविवारी दुपारी हवा फिरली. शनिवारपर्यंत पहाटे गोधडी लागत होती. रविवारी दुपारी पश्चिमेचं वारं पडलं आणि ऊन असं आलं की गोठ्यातल्या गाई जिभा काढून उभ्या राहिल्या. सोमवारी तर पत्र्याखाली बसवेना. मी कंपनीत पंख्याखाली होते. मला एवढंच वाटलं की चला, आता कुरडया चांगल्या वाळतील.

मंगळवारी सकाळी मी डबा भरत होते तेव्हा आत्ती आली. चहा घेतला. मग तिनं आमच्या पातेल्यावरचं ताट बाजूला केलं, वाकून वास घेतला, दाणा काढून दाबला. दूध नुसतं आलं नाही, उडालं.

"आजच वाट," ती आईला म्हणाली.

"आज संध्याकाळीच वाटायचा हाय," मी म्हणाले. "टाइमटेबलात तसंच हाय."

आत्तीनं पातेल्यावर ताट परत झाकलं. उठून काकूंच्या घरी गेली. दोन मिनिटांत तिथून तिची हाक आली. आई आणि मी गेलो. काकूंनी गहू मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवला होता, मांजर शिरत नाही म्हणून. त्या खोलीत पाय ठेवला आणि मला घामच फुटला. पातेल्याच्या कडेला फेस धरला होता. आत्तीच्या तळहातावर दाणा होता, दाबून चपटा केलेला, त्यातून आलेलं दूध बोटावरून ओघळत होतं.

"हा पण आज," आत्ती म्हणाली.

"ह्याच्या तर दोनच रात्री झाल्यात," मी म्हणाले. "तीन पायजेत ना?"

"थंडीत तीन लागत्यात. तू पंख्याखाली झोपतीस बाई. गव्हाला कुठला पंखा?"

"पण काकूंची पाळी गुरुवारी हाय."

"मग त्येला वाचून दाखव की. दाराला लावलंयस न्हवं?"

मला राग आला. खरं सांगायचं तर आत्तीचा नाही, गव्हाचा आला. चाळीस माणसं माझं ऐकतात आणि हा ऐकत नाही. मग काकूंच्या तोंडाकडं बघितलं आणि राग कुठल्या कुठं गेला. त्या पातेल्याजवळ खाली बसल्या होत्या. त्यांनी पाण्यात हात घातला आणि वास घेतला.

"उद्यापर्यंत थांबला तर?" त्यांनी विचारलं.

"आंबंल," आत्ती म्हणाली. "कुरडई व्हईल, पर तांबडी. आणि आंबूस."

हिशेब सरळ होता. वस्तीत गहू वाटायचं मशीन एकच, तेही हातानं फिरवायचं. मोठं पातेलं एक. एका घराचा दहा-बारा किलो गहू म्हणजे पहाटे पाचला चूल पेटवली तर नऊ वाजेपर्यंत उरकतो, आणि नऊनंतर या उन्हात स्लॅबवर बसवत नाही. दिवसाला एकच घर. त्यात दोन्ही सुनांची सुट्टी गुरुवारची, म्हणजे बुधवारी हातही कमी. आणि दोन घरांचा गहू आज झालेला. नवा गहू भिजवायचा तर पुन्हा रात्री मोजायच्या, वाळायला तीन दिवस, तोवर काकूंच्या दारात पाहुणे.

 मी मनातल्या मनात वार इकडंतिकडं हलवून बघितले, एकही बसेना.

आई म्हणाली, "तुझा आधी घे."

"अगं पण तुझा आदल्या दिशीचा हाय," काकू म्हणाल्या. "उद्याची पाळी तुझीच हाय. दाराला लिवलंय."

"लिवलंय ते माझ्या पोरीनं लिवलंय. मी न्हाय."

"तुझा वाया जाईल."

"वाया कशानं जातुय? तांबड्या झाल्या तर तांबड्या. माझ्या कुरडया कोण बघायला येतंय? तेलात पडल्या, ताटात पडल्या, सपलं." आईनं पदर खोचला आणि माझ्याकडं वळली. "तू आज कामावर जाऊ नगंस."

मी गेले नाही. कंपनीत फोन करून सांगितलं की घरी अडचण आहे. कसली म्हणून विचारलं तर गहू म्हणायचं धाडस झालं नाही, तब्येत म्हणाले.

दिवसभर आम्ही आमचं पातेलं ओल्या पोत्यात गुंडाळून लिंबाखाली ठेवलं आणि दर दोन तासांनी पाणी बदललं, जेवढा थांबेल तेवढा थांबावा म्हणून. संध्याकाळी काकूंचा गहू वाटायला बसलो. मशीनचा दांडा मी फिरवत होते. पंधरा मिनिटांत तळहाताला फोड आला. आत्ती समोर बसून मुठीनं गहू आत सोडत होती आणि मधूनमधून माझ्याकडं बघत होती.

"कॉलेजात हे नसतं व्हय?"

"नसतं."

"मग कशापायी एवढं तिकीट घालवलं?"

"पास होता आत्ती. पासवर गेले."

"तरीच," ती म्हणाली.

बुधवारी पहाटे पाचला काकूंच्या अंगणात तीन दगडांची चूल पेटली. वरचं पाणी ओतून टाकलं तर पातेल्याच्या तळाशी चीक असा बसला होता, की त्यात बोट घातलं तर खड्डा तसाच राहावा. पांढरा. काकूंनी त्याला हात लावला नाही, नुसत्या बघत राहिल्या. आधणाला उकळी आली. आता चीक ओतणारी एक आणि हाटणारी एक पाहिजे. हाटायला ताकद लागते, नाहीतर गुठळ्या होतात. दरवर्षी हे काम त्या दोन सुनांचं असायचं, आणि त्या आज नव्हत्या.

काकूंचे मालक, म्हणजे आमचे तात्या, गोठ्यातून दुधाची किटली घेऊन डेअरीला निघाले होते. तात्या कधी चुलीजवळ बसलेले मी बघितले नव्हते. आत्तीनं हाक मारली.

"तात्या, किटली ठिवा हितं."

"डेअरी बंद व्हईल आत्ती."

"डेअरी उद्या पण असती. चाटू धरा."

तात्यांनी इकडंतिकडं बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. किटली कुणाच्या तरी पोरापाशी देऊन पाठवली, टोपी काढून खिशात घातली आणि तो लांब दांड्याचा लाकडी चाटू दोन्ही हातांनी धरला. मी बादली उचलून पाण्यात कालवलेला चीक ओतायला लागले.

"धार धर, धार," आत्ती म्हणाली. "बादली उपडी करू नगंस. शेणकाला न्हाय तो."

मी धार धरली. तात्या हाटायला लागले. पहिल्यांदा पातळ, मग जड, मग इतकं जड की चुलीवरचं पातेलंच फिरायला लागलं. आईनं पातेल्याचे कान फडक्यानं धरले. तात्यांच्या कपाळावरून घाम निघाला.

"जोर लावा तात्या," आत्ती म्हणाली. "लेकीचं हाय."

"लावतुय न्हवं," तात्या म्हणाले. "हे तुमी दरवर्षी करता?"

"न्हाय, दरवर्षी आपोआप व्हतंय," काकू म्हणाल्या. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा त्या हसल्या.

चीक काचेसारखा झाला. आत्तीनं बोट पाण्यात बुडवून त्यावर टेकवलं, चिकटलं नाही. झाला. मग जी धावपळ झाली ती विचारू नका. पातेलं झाकून गच्चीवर, सोऱ्यात भरा, दाबा, गोल फिरवा, तोडा, पुढची. तात्यांनी सोऱ्या पण दाबला. त्यांच्या कुरडया जरा वाकड्या होत होत्या, म्हणून काकूंनी त्यांना कडेची जागा दिली. खाली पोरं वाट्या घेऊन गरम चिकासाठी उभी होती, साखर घालून. नवरी हाताला मेंदी लागायची आहे म्हणून काम करत नव्हती, पण चिकाची दुसरी वाटी घेताना तिला मी बघितलं.

साडेआठला शेवटची कुरडई पडली. गच्ची भरली होती. ऊन अजून पिवळं होतं, आणि अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदावर त्या ओल्या जाळ्या नुसत्या चकाकत होत्या. शुक्रवारी त्या वाळून निघाल्या तेव्हा दुधावरच्या सायीसारख्या पांढऱ्या होत्या. काकूंनी त्या मोजल्या नाहीत. नजर लागते म्हणाल्या.

गुरुवारी आमच्या झाल्या. सगळे हात मोकळे होते, दोन्ही सुना होत्या, चूल चांगली लागली, हाटणं चांगलं झालं. पण गव्हानं जे करायचं ते केलं होतं. वाळल्यावर त्या गुळाच्या चहासारख्या दिसायला लागल्या. चव आंबूस. दोन्ही सुनांनी त्यांना ग्रॅज्युएट कुरडया असं नाव ठेवलं. मी पण हसले, पण मला लागलं. आईनं त्या डब्यात भरल्या आणि डबा माळ्यावर टाकला.  

दाराला लावलेली प्रिंट मी त्याच दिवशी उतरवली. वेळापत्रक वाईट नव्हतं, असं मला अजून वाटतं. सुट्टी टाकणाऱ्या बायकांना दिवस आधी कळायला पाहिजेच. पण ते लावताना मी माणसांना विचारलं आणि हवेला विचारलं नाही. आता ग्रुपवर आदल्या आठवड्यात अंदाजे वार येतात, आणि आत्तीचा फोटो येतो, दाणा दाबलेल्या तळहाताचा. तिला फोटो काढायला मीच शिकवलं. पहिल्या वर्षी तिनं नुसती बोटं पाठवली.

हळदीच्या आदल्या दिवशी काकू आमच्याकडं आल्या. पाहुण्यांनी घर भरलं होतं, हळद दळता दळता केसांना हळदीचे हात लागले होते.

"तुझ्या तांबड्या कुठं हायत?" त्यांनी आईला विचारलं.

"माळ्यावर. का?"

"दे. हळदीच्या जेवणाला तळते. माझ्या पांढऱ्या रुखवतात बसल्या."

"तसल्या वाढती व्हय लोकांना?" आई म्हणाली. "बारामतीतनं पाकिटं आण की."

"पाकिटातलं पाकिटात राहू दे. हे वस्तीवरचं हाय."

आई नाही नाही म्हणत असताना त्यांनी मला माळ्यावर चढवलं.

तांबडी कुरडई तेलात पडली की आणखी तांबडी होते, पण फुलते मात्र दुप्पट. हळदीच्या पंगतीत मी ती वाढत होते. पहिल्या पंगतीत कुणी विचारलं नाही. दुसऱ्या पंगतीत कोऱ्हाळ्याचे एक आजोबा म्हणाले, "ह्या आंबूस हायत गं. आण अजून दोन." मग शेजारच्यानं मागितल्या. तिसरी पंगत उठेपर्यंत डबा रिकामा झाला. आई आमटीचं पातेलं धरून उभी होती. तिनं डब्यात डोकावून बघितलं.

"आता आमी वर्षभर काय तळायचं?" ती म्हणाली, पण हळूच, आणि तोंड दुसरीकडं करून.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात रुखवत मांडलं. मधोमध टोपली. वरकुट्याच्या बायका ओळीनं आल्या. एकीनं तोरण उलटंसुलटं करून बघितलं, एकीनं साखरेचं फूल हातात घेतलं. मग नवऱ्या मुलाच्या मोठ्या आत्या टोपलीपाशी थांबल्या. एक कुरडई उचलून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या आणि त्यांनी माझा दंड धरला होता, फोड आलेल्या हाताचा. आत्यांनी कुरडई परत ठेवली, नीट, जिथली तिथं.

"घरचा गहू दिसतोय," त्या म्हणाल्या आणि पुढं गेल्या. मागच्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं नाही.

थोड्या वेळानं मंगलाष्टका सुरू झाल्या. आमच्यात नवरीची आई त्या बघत नाही, ती मागं राहते. काकू रुखवताच्या टेबलामागं खुर्चीवर येऊन बसल्या. मी पण तिथंच राहिले. पुढून अक्षता पडल्याचा आवाज येत होता. काकूंनी टोपलीच्या तळातून हात घालून एक कुरडई काढली, जराशी वाकडी होती, तात्यांच्या हातची असावी. ती मोडून अर्धी मला दिली. कच्ची कुरडई चावली की कडकड वाजते, म्हणून दोघींनी चावली नाही, तोंडात तशीच विरघळत ठेवली.